आकाशाची रोजची नोंदवही

तुमच्या डोक्यावर, जमिनीपासून अवकाशाच्या काठापर्यंत, जेवढा ओझोन आहे तेवढा सगळा गोळा करून खाली आणला आणि समुद्रकिनाऱ्यावरच्या हवेच्या दाबाला, शून्य अंश तापमानाला एकसारखा पसरला, तर त्याचा थर किती जाड होईल? जेमतेम ३ मिलिमीटर. एक रुपयाची दोन नाणी एकावर एक ठेवा, साधारण तेवढाच.

या ३ मिलिमीटरला शास्त्रज्ञ ३०० डॉब्सन युनिट म्हणतात. एक युनिट म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. भारतासारख्या उष्ण प्रदेशावर हा आकडा सहसा याहून कमी असतो, २५० ते २८० च्या आसपास. सूर्याकडून येणारे घातक अतिनील किरण अडवण्याचं काम एवढासा वायू करतो. तो नसता तर जमिनीवर जीवसृष्टी फुलली नसती.

हे सगळं शाळेच्या पुस्तकात असतं. त्या पुस्तकात सहसा नसते ती एक गोष्ट: हा थर विरळ होतोय हे माणसाला कळलं कसं? एखाद्या दिवशी कुणी आकाशाकडे पाहिलं आणि भोक दिसलं, असं झालं नाही. ते कळलं जुन्या नोंदवह्यांमधून.

एक पेटी, दोन किरण

ऑक्सफर्डचे प्राध्यापक गॉर्डन डॉब्सन यांनी १९२० च्या दशकात एक उपकरण बनवलं. त्याची कल्पना साधी आहे. सूर्यप्रकाशातले दोन जवळजवळचे अतिनील किरण निवडायचे. एक असा की जो ओझोन भरपूर शोषून घेतो, दुसरा असा की ज्याला ओझोन फारसा हात लावत नाही. जमिनीवर पोचेपर्यंत पहिला दुसऱ्याच्या तुलनेत किती मंद झाला हे मोजलं की वर किती ओझोन आहे याचा हिशोब लागतो. माणूसभर लांबीची ही पेटी आजही जगातल्या अनेक केंद्रांवर वापरात आहे.

स्वित्झर्लंडमधल्या आरोसा या डोंगरगावी १९२६ पासून ओझोनच्या नोंदी सुरू झाल्या. गंमत म्हणजे तिथे कुणाला पृथ्वीची चिंता नव्हती. आरोसाला क्षयाचे रुग्ण हवापालटासाठी येत. तिथल्या हवेत आणि उन्हात नेमकं काय आहे, हे गावाला जाणून घ्यायचं होतं, म्हणून पॉल गोएट्झ यांनी तिथे वेधशाळा थाटली. आपल्याकडे पूर्वी मिरजेला, पाचगणीला रुग्णांना हवेसाठी नेत, तसाच प्रकार. पुढे औषधं आली, क्षयाची रुग्णालयं ओस पडली, पण मोजणी थांबली नाही. आज ओझोनची जगातली सर्वांत लांब मालिका तीच आहे.

डॉब्सन यांनी १९२८-२९ मध्ये आपली उपकरणं जगभर पाठवली: कॅलिफोर्निया, इजिप्त, न्यूझीलंड आणि आपलं कोडाईकॅनाल. उष्ण कटिबंधावर ओझोन कमी असतो आणि वर्षभरात फारसा हलत नाही, हे जगाला समजण्यात तमिळनाडूच्या त्या डोंगराचा वाटा आहे.

हॅलीच्या वह्या

अंटार्क्टिकावर ब्रिटिशांचं हॅली नावाचं केंद्र आहे. आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षाच्या निमित्ताने, १९५६-५७ पासून, तिथे ओझोन मोजायला सुरुवात झाली. पहिल्याच वर्षी वसंत ऋतूतले आकडे अपेक्षेहून बरेच कमी आले तेव्हा उपकरण बिघडलं असावं अशी शंका खुद्द डॉब्सन यांनाच आली. पुढच्या वर्षीही तेच घडलं आणि मग कळलं की दक्षिण ध्रुवावरची हवा हिवाळाभर स्वतःभोवतीच गरगरत राहते, बाहेरचा ओझोनयुक्त वारा आत येत नाही. हा तिथला नैसर्गिक स्वभाव. ऑक्टोबरची सरासरी तेव्हा ३०० च्या आसपास असे.

पुढची वीस वर्षं काही विशेष घडलं नाही. दरवर्षी कुणीतरी बर्फात जाऊन राहायचं, आकडे लिहायचे, कागद इंग्लंडला पाठवायचे. ते कागद साठत गेले. जोनाथन शँकलिन नावाच्या तरुणाकडे ते संगणकात भरायचं काम आलं. तोपर्यंत क्लोरोफ्लुरोकार्बन म्हणजे सीएफसी या वायूंमुळे ओझोन नष्ट होऊ शकतो, असा इशारा मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलंड यांनी १९७४ मध्ये देऊन झाला होता. फ्रीज, एसी, स्प्रेचे डबे, सगळीकडे हे वायू होते. लोक घाबरले होते. आपले ताजे आकडे जुन्यांइतकेच आहेत हे लोकांना दाखवून धीर द्यावा, असा शँकलिन यांचा विचार होता. आकडे मात्र जुन्यांइतके नव्हते. प्रत्येक ऑक्टोबर आधीच्या ऑक्टोबरहून खाली घसरत होता.

त्यांचे वरिष्ठ जो फार्मन सावध होते. उपकरण जुनं झालंय का? दुसरं उपकरण पाठवलं. त्यानेही तेच दाखवलं. मे १९८५ मध्ये फार्मन, ब्रायन गार्डिनर आणि शँकलिन यांचा लेख ‘नेचर’मध्ये आला: ऑक्टोबरमधला ओझोन तीनशेवरून दोनशेच्या घरात उतरला होता. जपानचे शिगेरू चुबाची यांनीही स्योवा केंद्रावर १९८२ मध्ये असे विचित्र कमी आकडे टिपून मांडले होते, पण त्यांच्याकडे हॅलीइतकी लांब मालिका नव्हती. म्हणून त्यांच्या नोंदीकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. मला ही गोष्ट महत्त्वाची वाटते. एका वर्षाचा आकडा विचित्र वाटतो, पण तो किती विचित्र आहे हे मागची पंचवीस वर्षं हाताशी असली तरच सांगता येतं.

आणि उपग्रह? नासाचा निंबस-७ हा १९७८ पासून वरून ओझोन मोजत होता. त्याला हे छिद्र दिसलंही होतं. पण अतिशय कमी आकड्यांवर संगणक ‘संशयास्पद’ असा शिक्का मारत असे. फार्मन यांच्या लेखानंतर त्या आकड्यांची नीट छाननी झाली आणि हे छिद्र एखाद्या खंडाएवढं आहे हे जगाने चित्रात पाहिलं.

पुण्यातली एक बाई

आता आपल्या घरची गोष्ट. त्रावणकोरमधल्या पीरमेड इथे १९१८ मध्ये जन्मलेल्या अण्णा मणी यांनी आठव्या वाढदिवसाला हिऱ्याच्या कुड्या नाकारून विश्वकोश मागितला होता, अशी आठवण सांगितली जाते. १९४८ मध्ये त्या पुण्याच्या हवामान खात्यात रुजू झाल्या. स्वातंत्र्य नवं होतं, साधीसाधी उपकरणंही परदेशातून येत. चुकीची मोजणी करण्यापेक्षा मोजणी न केलेली बरी, अशी त्यांची शिस्त. आपली उपकरणं आपणच बनवायची, हा ध्यास.

डॉब्सनची पेटी वरचा एकूण ओझोन सांगते, पण किती उंचीवर किती आहे हे नीट कळायला फुग्याला बांधून यंत्र वर सोडावं लागतं. त्याला ओझोनसोंडे म्हणतात. आत एक छोटा पंप आणि पोटॅशियम आयोडाइडचं द्रावण. हवेतला ओझोन द्रावणात गेला की बारीकशी वीज निर्माण होते, जेवढा ओझोन तेवढी वीज, आणि ते आकडे रेडिओने खाली येतात. फुगा तीसेक किलोमीटरवर जाऊन फुटतो. हे यंत्र भारतात, भारतीय बनावटीचं, १९६४ मध्ये तयार झालं ते अण्णा मणींच्या नेतृत्वाखाली. तेव्हा असं स्वतःचं यंत्र असणारे देश मोजकेच होते. पुणे, दिल्ली आणि तिरुवनंतपुरमहून हे फुगे उडू लागले. पुढे भारताच्या अंटार्क्टिक केंद्रांवरूनही उडाले.

एक टक्का शोधायचा कसा?

ओझोन मोजणं एक, आणि तो वर्षानुवर्षं वाढतोय की घटतोय हे सांगणं दुसरं. कारण तो मुळात चंचल आहे. हिवाळ्यात पश्चिमी झंझावात उत्तर भारतावरून गेला की दिल्लीवरचा आकडा एक-दोन दिवसांत वर उडी मारतो. सूर्याच्या अकरा वर्षांच्या चक्राबरोबर तो हलतो. विषुववृत्तावरचे उंचावरचे वारे साधारण २८ महिन्यांच्या चक्रात दिशा बदलतात, त्यांच्याबरोबरही हलतो. १९९१ मध्ये फिलिपाइन्सचा पिनाटुबो ज्वालामुखी फुटला आणि पुढची दोन वर्षं ओझोन खाली गेला.

या सगळ्या गोंधळात शोधायचं काय, तर दहा वर्षांत एक ते तीन टक्के वाढ. २००० नंतर स्थितांबराच्या वरच्या भागात सुधारणा दिसते ती इतकीच. दहा-वीस वर्षांच्या अखंड नोंदी नसतील तर ती गोंगाटात हरवते. उपकरण बदललं आणि जुनं-नवं काही काळ शेजारीशेजारी चालवलं नाही, तर ‘वाढ’ ही खरी की यंत्राची, हेच कळत नाही. म्हणून जगभरच्या डॉब्सन पेट्या ठरावीक वर्षांनी एकत्र आणून एका प्रमाण पेटीशी ताडून पाहतात. ही प्रमाण पेटी, क्रमांक ८३, अमेरिकेत आहे. आपल्या वाण्याचा तराजू वजनमापवाले तपासतात तसंच हे.

नोंदींचा उपयोग चोर पकडायलाही होतो. १९८७ च्या माँट्रियल करारानंतर जगाने सीएफसी बंद केले, २०१० पर्यंत विकसनशील देशांतही त्यांचं उत्पादन थांबायचं होतं. पण २०१८ मध्ये हवाई बेटांवरच्या आणि इतर केंद्रांच्या नोंदी पाहणाऱ्यांना दिसलं की सीएफसी-११ ची घट २०१२ नंतर अचानक मंदावली आहे. कुठेतरी कुणीतरी तो पुन्हा बनवत होतं. कोरिया आणि जपानमधल्या केंद्रांनी वाऱ्याचा माग काढला, आणि २०१९ मध्ये बोट पूर्व चीनकडे गेलं. त्यानंतर उत्सर्जन पुन्हा घटलं. सगळा तपास हवेच्या नमुन्यांवरून झाला.

मग हवामानबदलाचा काय संबंध?

बराच. ओझोन अतिनील किरण शोषतो म्हणून वरची हवा उबदार राहते. तो कमी झाला तर ती गार होते आणि वाऱ्यांची घडी बदलते. अंटार्क्टिकावरच्या छिद्रामुळे दक्षिण गोलार्धातले पश्चिमी वारे उन्हाळ्यात ध्रुवाकडे सरकले. उलट, कार्बन डायऑक्साइड वाढल्याने वरचे थर गार होतात आणि तिथे ओझोन नष्ट होण्याची क्रिया मंदावते. म्हणजे वरची वाढ किती कराराची आणि किती कार्बनची, हेही वेगळं काढावं लागतं. शिवाय सीएफसी स्वतःच जबरदस्त उष्णता धरणारे वायू. ते थांबवल्यामुळे शतकाच्या मध्यापर्यंत अर्धा ते एक अंश तापमानवाढ टळेल, असा २०२२ च्या आंतरराष्ट्रीय अहवालाचा अंदाज आहे. त्याच अहवालानुसार अंटार्क्टिकावरचा ओझोन १९८० च्या पातळीवर यायला २०६६ उजाडेल, इतर बहुतेक जगात २०४०.

तोवर मोजायचं कुणी? हॅलीजवळच्या बर्फाला मोठ्या भेगा पडल्यामुळे २०१७ पासून हिवाळ्यात तिथे माणसं राहत नाहीत, उपकरणं आपोआप चालतात. २००४ मध्ये सोडलेला ऑरा उपग्रह म्हातारा झालाय आणि त्याच्यासारखी उंचीनुसार रोजची मोजणी करणारे फार थोडे वारस आहेत. ‘काहीच बदल नाही’ असं वर्षानुवर्षं लिहिणाऱ्या कामाला पैसे मागणं कुठल्याच देशात सोपं नसतं.

आपल्या घरात या गोष्टीचा धागा एसीच्या स्टिकरवर सापडतो. आर-२२ लिहिलं असेल तर तो ओझोनला थोडं नुकसान करणारा जुना वायू, भारतात २०३० पर्यंत टप्प्याटप्प्याने बाद होणारा. आर-४१०ए आणि आर-३२ ओझोनला हात लावत नाहीत, पण उष्णता धरतात. आर-३२ त्यातला बराच सौम्य. आर-२९० म्हणजे प्रोपेन, या दोन्ही बाबतींत जवळजवळ निर्धोक, फक्त ज्वलनशील असल्याने जाणकाराकडूनच बसवून घ्यावा. मेकॅनिक ‘गॅस भरायचाय’ म्हणाला तर आधी गळती शोधून बंद करायला सांगा, आणि उरलेला जुना वायू हवेत सोडू न देता सिलिंडरमध्ये काढून घ्यायला लावा. चांगल्या मेकॅनिककडे त्याचं मशीन असतं.