शिनाणे आपले, घुसखोर कुणाचे?

शिरोड्याच्या बाजारातून शिनाणे घरी आणले, की पहिलं काम म्हणजे दोन शिंपांच्या फटीतून डोकावणारा केसाळ झुबका ओढून काढायचा. तो सहजासहजी सुटत नाही. बोटांना राखेची चिमूट लावून, शिंपा डाव्या हातात घट्ट धरून हिसका द्यावा लागतो. हा झुबका म्हणजे शिनाण्यांचा नांगर! पायातून द्रव पाझरवायचा, पाण्यातल्या पाण्यात त्याचा धागा करायचा आणि धाग्याचं टोक खडकाला डकवायचं. ओल्या, शेवाळलेल्या खडकावरही हा डिंक पकड सोडत नाही. शस्त्रक्रियेत जखमा चिकटवायला असा डिंक करता येईल का, यावर शास्त्रज्ञ कधीपासून काम करताहेत.

पण जे खडकाला चिकटतं ते जहाजाच्या बुडालाही चिकटतं.

आणि आता खरी गंमत. आपण ज्यांना रवा लावून खरपूस तळतो, ते हिरवे शिनाणे अमेरिकेत घुसखोरांच्या यादीत आहेत! १९९० मध्ये ते कॅरिबियन समुद्रात, त्रिनिदादला सापडले. १९९९ मध्ये फ्लोरिडातल्या टँपा उपसागरात वीजकेंद्राला थंड पाणी पुरवणाऱ्या पाइपांत त्यांनी ठाण मांडलं. त्यांना सोसली नाही ती थंडी. २०१० च्या जानेवारीतल्या कडाक्यात तिथले शिनाणे मोठ्या संख्येने मेले. कोकणच्या उबेत वाढलेली जात ती!

उलटा प्रवासही तितकाच मजेदार. ब्राझीलच्या अलागोआस राज्यात ‘सुरुरू’ नावाचा शिंपला लोक जिवापाड आवडीने खातात, जसे आपण तिसऱ्या. त्याच कुळातली मायटेला स्ट्रायगाटा ही जात २०१४ मध्ये मनिलाच्या उपसागरात, २०१६ मध्ये सिंगापूरला आणि २०१९ पर्यंत केरळच्या खाड्यांत पोचली. काळी, तपकिरी, हिरवी, पिवळी, नारिंगी, हव्या त्या रंगात मिळते. मल्याळी लोकांनी तिचं नाव ठेवलं ‘वरत्तन कक्का’, म्हणजे बाहेरून आलेला शिंपला. कोल्लमजवळच्या अष्टमुडी सरोवरातही तिने हातपाय पसरले. याच सरोवरातल्या तिसऱ्यांच्या मासेमारीला २०१४ मध्ये शाश्वत मासेमारीचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालं होतं, भारतातलं पहिलंच. म्हणूनच ही बातमी तिसऱ्यांवर जीव असलेल्या कुणालाही लागावी.

चेन्नईजवळ एण्णूरला तर खाडीच्या तळावर या शिंपल्यांची चटईच पसरली. तिथले कोळी त्यांना ‘काका आळी’ म्हणतात. कोळंबी चिखलात शिरून राहते, पण वर शिंपल्यांचा थर बसला की तिने शिरायचं कुठून? कोळंबी गेली, की ती हाताने चाचपून पकडणाऱ्यांची मिळकतही गेली.

मुंबईत वेगळा पाहुणा आहे: मायटिलॉप्सिस सॅली. मूळ गाव कॅरिबियन. भारतात १९६७ च्या सुमारास विशाखापट्टणमला दिसला, पुढे मुंबई बंदराच्या गोद्यांत मुक्कामाला आला. लांबी जेमतेम अडीच सेंटिमीटर, पण महिन्याभरातच वयात येतो. समुद्राच्या पाण्यात हजारात साधारण ३५ भाग मीठ असतं. हा पठ्ठ्या गोड्या पाण्यापासून ५० भागांपर्यंत तग धरतो. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहाने गाजलेल्या शिरोड्याला याचा अर्थ फोड करून सांगायला नको. पावसात पाणी गोडं होतं, वैशाखात खारटाण वाढतं, आणि याला दोन्ही चालतं.

ऑस्ट्रेलियातल्या डार्विनला १९९९ च्या मार्चमध्ये हाच सापडला. सहा महिन्यांपूर्वीच्या पाहणीत तो नव्हता. पण तेव्हा तो होड्यांच्या तीन गोद्यांत पसरला होता, आणि काही ठिकाणी तर चौरस मीटरला २० हजारांच्या वर! सुदैवाने गोद्यांना दारं होती. ती लावून घेऊन आत क्लोरीन आणि मोरचूद ओतला, तेव्हा महिन्याभरात तो हटला. खर्च वीस लाख ऑस्ट्रेलियन डॉलरांच्या पुढे, शिवाय आतले इतर जीवही मेले. आपल्या उघड्या खाडीला कुठलं दार लावणार?

हे शिंपले येतात कसे? पूर्वी रिकाम्या गलबताचा तोल राहावा म्हणून तळाशी दगडांचं नीरम भरत. आताची जहाजं त्यासाठी समुद्राचं पाणी भरून घेतात. शिंपल्यांची डोळ्यांना न दिसणारी पिल्लं त्यात फुकट प्रवास करतात आणि माल भरताना पाणी सोडलं की उतरतात. शिरोड्याच्या शेजारचं रेडी बंदर लोहखनिज नेणाऱ्या जहाजांमुळे ओळखलं जातं, आणि खनिज न्यायला येणारं जहाज रिकामंच येतं. या पाण्याबाबतचा आंतरराष्ट्रीय करार २००४ मध्ये झाला, लागू झाला ८ सप्टेंबर २०१७ ला. त्याआधीच्या जागतिक प्रकल्पात सहा नमुना बंदरं निवडली होती, त्यांत मुंबई होती.

वर मुंबई, खाली केरळ, मध्ये आपण. तेव्हा सुकतीला खडकावर गेलात, किंवा होडी ओढून बूड खरवडायला काढलीत, तर अनोळखी बारका शिंपला दिसताच उघडून बघा. निमुळत्या टोकाशी, आतल्या बाजूला, नखाएवढाही नसलेला एक आडवा पडदा दिसतो का? आपल्या शिनाण्यांत तसा पडदा नसतो. मुंबईच्या मायटिलॉप्सिस सॅलीत असतो.