लॅमिंग्टन रोडची खरेदी

तीर्थरूपांच्या गाण्याच्या फिती पेटीत पडून होत्या. लेप सुटू लागला की फीत वाजवणेही धोक्याचे. म्हणून त्या संगणकावर उतरवणे भाग होते. संगीतशिक्षकाच्या प्राप्तीत नवे यंत्र बसेना, तेव्हा बडोद्याहून मुंबई गाठली.

ग्रँट रोड स्टेशनाजवळच लॅमिंग्टन रोड. नाव १९०३ ते १९०७ च्या गव्हर्नराचे. कागदोपत्री आता डॉ. भडकमकर मार्ग. एका दुकानदाराने महागडे ग्राफिक्स कार्ड गळ्यात मारू पाहिले. गाण्याला ते कशाला? हिशेब साधा आहे: सेकंदाला ४८,००० नमुने, २४ बिट, स्टिरिओ, तासाला सुमारे १ जीबी. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला, तरी अशी जुनी यंत्रे लिनक्सवर बहुधा नीट चालतात, आणि ध्वनिमुद्रणाची ऑडॅसिटी तर फुकट मिळते. म्हणून कचेरीतून निघालेला संगणक चालवून पाहून घेतला. वाचलेले पैसे ऑडिओ इंटरफेस आणि दोन नव्या हार्डडिस्क यांवर खर्चले. जुन्या डिस्कवर, वाचकहो, ठेवा सोपवू नये.

घरी पहिली फीत लावली. तंबोरा जुळवता जुळवता वडील खाकरले. मातोश्री स्वयंपाकघरातून येऊन दाराशी उभ्या राहिल्या.