वाळेपर्यंतचा वेळ

रविवारी दुपारी साडेतीनच्या सुमारास आमच्या गोरेगावच्या घरात दिवसातली पहिली शांतता होते. जेवणं उरकलेली असतात, ओटा पुसून झालेला असतो, मुलगी क्लासला गेलेली असते आणि सासूबाई आडव्या झालेल्या असतात. मग मी जेवणाच्या टेबलावर जुनं वर्तमानपत्र पसरते, कान तुटलेल्या कपात पाणी घेते आणि रंग कालवायला एक पांढरी बशी काढते. चारला चहा टाकायचा असतो. तेवढ्या अर्ध्या तासात पोस्टकार्डाएवढं एक चित्र होतं.

घर, नोकरी आणि मुलं सांभाळणाऱ्या बाईसाठी जलरंगाइतकं सोयीचं दुसरं माध्यम नाही, असं माझं ठाम मत झालंय. तैलरंगाला टर्पेंटाइनचा वास, चिंध्या आणि वाळायला कित्येक दिवस लागतात. वन रूम किचनमध्ये तो संसार मांडायचा कुठे? जलरंग म्हणजे रंगाची बारीक पूड आणि बाभळीच्या जातीतल्या झाडांचा डिंक. हा डिंक पाण्यात विरघळतो, वाळला की रंगाला कागदाशी धरून ठेवतो आणि पुन्हा ओला केला की सुटतो. म्हणून बशीत उरलेला रंग धुऊन टाकायचा नाही. पुढच्या रविवारी दोन थेंब पाणी घातलं की तो परत जिवंत होतो. मध्येच दाराची बेल वाजली, कुरिअरवाला आला, फोनवर मीटिंग लागली, तरी काही वाया जात नाही.

आणि थांबणं तर या माध्यमातच आहे. आकाशाचा पहिला वॉश दिला की तो वाळेपर्यंत पुढे जाताच येत नाही. ऑक्टोबरच्या उन्हात दहा मिनिटं, जुलैच्या दमट हवेत चांगला अर्धा तास. घाई करून अर्धवट ओल्या रंगावर पाण्याने भरलेला ब्रश टेकवला, तर पाणी आत शिरतं, रंग कडेला ढकलतं आणि फुलकोबीसारखा डाग उमटतो. या दहा मिनिटांत कणीक मळून होईल, असा विचार मनात येतोच. माझं कळकळीचं सांगणं आहे, मळू नका. बसून राहा. ओल्या कागदावरची चकाकी कडेकडून कमी होत जाते, रंग थोडा फिका पडतो, कागदाचा फुगवटा हळूहळू बसतो. हे नुसतं बघत बसण्यात जो विसावा आहे, तो मला मोबाइल घेऊन लोळण्यात कधी मिळालेला नाही.

२०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांची सरासरी दिवसाला २८९ मिनिटं आली आणि ते करणाऱ्या पुरुषांची ८८. मुलांचं, आजाऱ्यांचं करण्याचा वेळ त्यात वेगळा मोजलाय, नोकरीचा तर वेगळाच. त्यातून चित्रासाठी अर्धा तास काढणं ही चैन आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी हा आकडा जरूर वाचावा.

चित्र काढल्याने खरंच बरं वाटतं का, हे अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठात गिरिजा कैमल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजून पाहिलं. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ३९ प्रौढांना ४५ मिनिटं मार्कर, माती आणि कोलाजचं सामान देऊन हवं ते करायला सांगितलं होतं. आधी आणि नंतर त्यांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी निगडित संप्रेरक, तपासलं. सुमारे ७५ टक्के लोकांमध्ये ते उतरलं होतं. अभ्यास छोटा आहे आणि त्यात जलरंग नव्हते, पण एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. आधी चित्रकला येत असणाऱ्यांत आणि न येणाऱ्यांत या बाबतीत फरक दिसला नाही.

कारण ‘मला कुठे येतं?’ हेच आपलं पहिलं वाक्य असतं. खरं तर आपल्यातल्या कितीतरी जणींनी शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दिलेली असते. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र हे शब्द अजून पाठ असतात. हातात कॅमलची पेटी असायची. दांडेकर बंधूंनी १९३१ मध्ये मुंबईत शाईपासून सुरू केलेल्या कॅम्लिनने आपल्या सगळ्यांच्या दप्तरात तो उंट पोचवला. मग दहावी आली आणि ब्रश माळ्यावर गेला. माझाही गेला. ‘रंग बाहेर पसरलाय’ असा लाल शेरा माझ्या वहीवर होता, तो तेवढा लक्षात राहिला. जलरंगात रंग पसरणं हाच आनंद असतो, हे कळायला मला चाळिशी उजाडली.

सामान थोडं घ्या, पण कागदावर काटकसर करू नका. बारा वड्यांची साधी पेटी चालते. गोल, टोकदार असा आठ किंवा दहा नंबरचा एक ब्रश पुरतो. कागद मात्र ३०० जीएसएमचा, खरबरीत घ्या. वहीचा पातळ कागद पाण्याने सुरकुततो, आणि दोष आपल्या हाताचा आहे असं वाटून बाई पेटी बंद करते. मोठा ताव आणून त्याचे पोस्टकार्डाएवढे तुकडे केले की महाग पडत नाही. पावसाळ्यात पेटी ओली असताना मिटू नका, वड्यांवर बुरशी धरते.

विषय शोधायला आपल्याला लांब जावं लागत नाही. स्टेशनच्या पूर्वेला बाहेर पडून आरेच्या रस्त्याला लागलं की पुरे. १९४९ मध्ये दुधासाठी वसवलेल्या या कॉलनीत पावसाळ्यानंतर इतके हिरवे असतात की पेटीतली हिरवी वडी अगदी पोरकी वाटते. ती बाजूलाच ठेवा. पिवळ्यात निळा कालवा, कधी पिवळा जास्त, कधी निळा, कधी त्यात टोकभर तपकिरी. दूरच्या झाडांसाठी भरपूर पाणी, जवळच्यांसाठी घट्ट रंग. झाडांचा रंग ओला असतानाच त्यावर खडेमिठाचे चार दाणे टाका. मीठ आजूबाजूचं रंगीत पाणी ओढून घेतं आणि वाळल्यावर झटकलं की पानांच्या गर्दीतून उजेड फुटल्यासारखे ठिपके दिसतात. माझ्या मुलीने हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती बरणीच घेऊन आली होती.

याच आरेत वारली पाडे आहेत. लग्नघराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाच्या पाण्याने चौक लिहिणं हे वारल्यांमध्ये परंपरेने सवाशिणींचं काम. आपल्या दारातली रांगोळीही बायकांचीच. पण चौक लग्नासाठी, रांगोळी सणासाठी. कुठल्याही निमित्ताशिवाय, कुणाला दाखवायचं नसताना काढलेलं चित्र आपल्याला अजून थोडं अपराधी वाटायला लावतं. माझी सुरुवातीची वीसेक चित्रं कपाटात साड्यांखाली होती.

दिवाळीच्या दिवसांत मला हमखास आठवतात ते सावंतवाडीचे सावळाराम हळदणकर. एका दिवाळीत त्यांनी आपली मुलगी गीता हातात दिवा घेतलेली पाहिली आणि तिला तसंच उभं करून चित्र रंगवलं. तेच ‘ग्लो ऑफ होप’, आज म्हैसूरच्या जगन्मोहन पॅलेसमध्ये आहे. कित्येक जण ते राजा रविवर्म्याचं तैलचित्र समजतात. ते हळदणकरांचं आहे आणि जलरंगातलं आहे. ज्योत झाकणाऱ्या बोटांच्या कडा उजेडाने लाल झालेल्या दिसतात. गीताबाई उपळेकर २०१८ मध्ये शंभरी ओलांडून कोल्हापुरात गेल्या.

पारदर्शक जलरंगात उजेडासाठी पांढरा रंग लावत नाहीत, कागदच कोरा राखतात. यंदा चकल्या तळून झाल्यावर एक पणती काढून पाहा. ज्योतीपुरता कागद कोरा ठेवा. भोवती स्वच्छ पाणी फिरवा, त्यात पिवळा टेकवा, त्याच्या बाहेर केशरी. दोन्ही आपापले मिसळतील, ब्रशने ढवळू नका. तो थर पुरता वाळू द्या. मग कोपऱ्यांकडून गडद निळा आत आणत या आणि ज्योतीपासून दोन बोटं अलीकडे थांबा.