टायटनचा वारा कसा मोजला

युरोपचं हायगेन्स यान १४ जानेवारी २००५ रोजी शनीच्या टायटन या चंद्रावर पॅराशूटने उतरलं. यानाला संदेशांच्या दोन वाहिन्या होत्या. वाऱ्याच्या प्रयोगासाठी लागणारा अतिस्थिर रुबिडियम दोलक त्यांपैकी ‘अ’ वाहिनीवर होता आणि नेमकी हीच वाहिनी ऐकणारा हायगेन्सला शनीपर्यंत नेणाऱ्या कॅसिनी यानावरचा रिसीव्हर सुरू करण्याची आज्ञा द्यायची राहून गेली. सुमारे ३५० छायाचित्रं कायमची गेली. वारा मात्र हाती लागला. हे नशीब होतं, असं मला वाटत नाही.

छायाचित्र संदेशाच्या मजकुरात असतं, वाऱ्याची नोंद खुद्द लहरीच्या कंप्रतेत. वारा यानाला ढकलतो, आपल्या दिशेने असलेला त्याचा वेग बदलतो आणि डॉप्लर परिणामामुळे कंप्रता सरकते. सुमारे २०४० मेगाहर्ट्झच्या त्या लहरीत सेकंदाला एक मीटर वेगाने पडणारा फरक जेमतेम सात हर्ट्झचा. १२० कोटी किलोमीटरवरून ६७ मिनिटांनी आलेल्या लहरीतला हा फरक अमेरिकेतल्या ग्रीन बँक आणि ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स इथल्या रेडिओ दुर्बिणींनी टिपला. मजकूर वाचण्याइतकी ती लहर सशक्त नव्हती, कंप्रता मोजण्यापुरती होती. शिवाय या दुर्बिणींनी ऐकायचं हे आधीच ठरलेलं होतं. दूरच्या मोहिमांत अशी सोय प्रयोगाचाच भाग धरायला हवी, जोड म्हणून नव्हे.

एकाच रेषेतल्या वेगावरून वारा कसा ओळखायचा, ही शंका रास्त आहे. पृथ्वी आणि टायटन यांच्या गती गणिताने वजा होतात, उतरण्याचा वेग यानावरच्या दाबाच्या नोंदींतून मिळतो. उरलेला फरक पूर्व-पश्चिम वाऱ्याचा मानला, हे गृहीतकच. पण बॉन विद्यापीठाच्या मायकेल बर्ड यांच्या चमूने काढलेला आलेख पाहा. सुमारे १२० किलोमीटर उंचीवर वारा ताशी ४३० किलोमीटर, तोही टायटनच्या परिवलनाच्याच दिशेने. जमिनीलगत सेकंदाला एखादा मीटर. या दोहोंच्या मध्ये, ६० ते १०० किलोमीटरच्या पट्ट्यात, तो अनपेक्षितपणे जवळजवळ पडलेला. अपेक्षेबरहुकूम आकडे बसवले असते, तर हा थर दिसलाच नसता. हा एका दिवसाचा, एकाच जागेचा वारा आहे, हा आक्षेप मात्र मान्यच करावा लागतो. त्याला उत्तर आणखी यानं पाठवण्याचंच.

तशी यानं उतरतील तेव्हा ऐकायला महाराष्ट्रातही जागा आहे. ऑक्टोबर २०१६मध्ये मंगळावर उतरू पाहणाऱ्या युरोपच्या स्कियापारेली यानाची क्षीण लहर नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीने टिपली होती.