खर्रा: झाडीपट्टीचा घोटीव पाहुणचार

खर्रा घोटताना एकदा नीट उभं राहून पाहावं. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत, भंडारा जिल्ह्यात साकोलीहून लाखांदूरकडे जाताना चहाला थांबलो की माझा मोर्चा हमखास शेजारच्या पानठेल्याकडे वळतो. खायला नाही, पाहायला. ठेलेवाला पन्नीचा चौकोनी तुकडा पसरतो. त्यावर सुपारीचा चुरा, चिमूटभर तंबाखू, बोटावरचा चुना आणि पाण्याचे दोन-चार थेंब पडतात. मग पन्नी दुमडून लाकडी पाटीवर तळहाताच्या जोरानं घासणं सुरू होतं. सुपारी मऊ पडून तंबाखूचा तपकिरी रंग सगळीकडे चढेपर्यंत हात थांबत नाही. आता काही ठिकाणी मशीन आल्यात, पण जुनं गिऱ्हाईक म्हणतं, "हातानंच घोटून दे." मग तीच पन्नी वळून रबर लावला की पुडी तयार.

ही पुडी एकट्यानं खायची नसते, आणि तिचं सगळं बळ त्यातच आहे. खिशातून निघाली की चार हात पुढे येतात. धानाच्या रोवणीच्या दिवसांत बांधावर मजुरांना चहाबरोबर खर्रा पोचवावा लागतो. सोयरीक जुळवायला आलेल्या पाहुण्यांपुढे पाण्याच्या तांब्यामागोमाग पुडी उघडते. भाऊबीजेपासून गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरू लागली की विचारायलाच नको. दिवसा दंडार हे लोकनाट्य, रात्री झाडीपट्टीचं नाटक, आणि पडदा पडेपर्यंत प्रेक्षकांच्या गालात खर्रा. मी या नाटकांचा वेडा आहे. तीन अंकी रडारड आणि मध्येच धमाल लावणी पाहत पहाटेपर्यंत बसतो. पण दारूड्या नवऱ्यानं घर बुडवल्याचं नाटक रंगात आलेलं असताना डोळे पुसणारी माणसं त्याच हातानं पुडी उघडतात, हे पाहून हसावं की रडावं कळत नाही. दारूवर आपल्याकडे नाटकं झाली, मोर्चे निघाले. खर्ऱ्याला कोणी व्यसनच मानत नाही. तो 'टाइमपास' आहे.

म्हणून घराचं नुकसान कोणाच्या नजरेस येत नाही. पुडी तीस रुपयांची धरली आणि दिवसाला तीन लागल्या, तर महिन्याचे 2,700 रुपये झाले. रोजगार हमीची मजुरी 2024-25 मध्ये 297 रुपये होती; म्हणजे महिन्यातली नऊ दिवसांची मजुरी गालात गेली. हिशेब कोणी मांडत नाही, कारण पैसा तीस-तीसनं जातो. पुडी आणायला बहुधा घरातल्या पोरालाच धाडतात. दहा वर्षांच्या पोराला बाबांचा खर्रा कसा लागतो, चुना कमी की जास्त, हे तोंडपाठ असतं. उरलेला चुरा चाखून पाहायला मग कितीसा वेळ?

कायद्याचं सांगायचं तर 2003च्या कायद्यानं अठरा वर्षांखालच्यांना तंबाखू विकता येत नाही, शाळेपासून शंभर यार्डांत तर कोणालाच नाही. महाराष्ट्रात 2012 साली गुटखाबंदी आली. 2016-17च्या राष्ट्रीय पाहणीत राज्यातले सुमारे 24 टक्के प्रौढ चघळायचा किंवा तत्सम धूरविरहित तंबाखू वापरत होते. एवढं पुरे.

मला गुंतवून ठेवतं ते तोंडाचं दुखणं. फलकांवर कॅन्सरची भीषण चित्रं असतात, आणि भीती खोटी नाही; सुपारी एकटीसुद्धा कर्करोगकारक असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं 2004 मध्येच नोंदवलं आहे. पण त्याआधी कितीतरी वर्षं आजार स्वयंपाकघरात येऊन बसलेला असतो. सुपारीतल्या अरेकोलीनमुळे गालाच्या आतल्या त्वचेखाली तंतू साचत जातात, गाल आतून ताठर होतो. सुरुवात तिखट झोंबण्यानं होते. "भाजीत तिखट कमी टाकजो," असं घरधनी म्हणू लागतो. काही दिवसांनी त्याच्यासाठी वेगळी फिकी भाजी शिजते. ठेचा जातो, भाकरी जाते, मऊ भात उरतो. चुलीपाशी बाईचं काम दुप्पट होतं, आणि लग्नाच्या पंगतीत हा माणूस मुद्दाम मागे रेंगाळतो. साधारण धडधाकट माणसाच्या तोंडात स्वतःची तीन बोटं उभी जातात. माझ्या परिचयातल्या एका गृहस्थांची दोनही जात नव्हती. नातीनं खेळता खेळता ते पाहिलं, घरच्या मोठ्यांनी नाही.

या आजाराची वैद्यकातली जुनी नोंद कुठली, तर 1952ची. श्वार्ट्झ नावाच्या डॉक्टरांनी केनियात राहणाऱ्या पाच भारतीय बायकांची तोंडं तपासून ती केली; पुढच्याच वर्षी मुंबईच्या डॉ. जोशींनी इथल्या रुग्णांवर लिहिलं. गंमत अशी, की केनियातच मेरूच्या डोंगरात खात नावाच्या झाडाची कोवळी पानं पिकतात. ती गालात धरून चघळतात, तजेला येतो. तिकडे येमेनात दुपारच्या बैठकी त्या पानांवर रंगतात. पुरुष घराच्या वरच्या दालनात तासन् तास बसतात आणि घरखर्चातला मोठा वाटा पानांवर जातो. वनस्पती वेगळी, नशाही वेगळी, पण बैठक आणि घरखर्च ऐकताना मला आपला पानठेलाच दिसतो.

बायका यातून सुटल्यात असं नाही. तंबाखूची नस किंवा गुडाखू सकाळी दात घासायला म्हणून लागतो आणि दिवसातून चारदा घासला जातो. गरोदरपणीही तो सुटत नाही, मग बाळ कमी वजनाचं होऊ शकतं. सासूबाई घासत असतात, सुनेला कोण सांगणार?

लाखांदूरच्या पलीकडे गडचिरोली जिल्ह्यात 2016पासून 'मुक्तिपथ' अभियान चालू आहे. डॉ. अभय बंग यांची 'सर्च' संस्था, शासन आणि टाटा ट्रस्ट यांनी ते उभं केलं. गावानं, विशेषतः बायकांनी, दारू आणि तंबाखूची विक्री रोखायची, अशी त्याची रीत. आपल्याकडे मंडईच्या समित्यांनी मनावर घेतलं तर नाटकाच्या मांडवात ठेला लागणार नाही, असं माझं मत आहे. देणगीदार रागावतील, रागावू देत.

सोडायचं असेल त्याला 1800-11-2356 या फुकट क्रमांकावर समुपदेशन मिळतं. तोंड आखडलं असेल तर नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात दाखवावं. दंतवैद्य औषधांबरोबर एक व्यायाम देतात: आइस्क्रीमच्या चपट्या काड्या एकावर एक रचून दातांत धरायच्या आणि हळूहळू एकेक वाढवायची. वर सांगितलेल्या गृहस्थांच्या काड्या नातच मोजते. खर्रा चालू असेल तर मात्र काड्यांचा काही उपयोग नाही, आणि ताठरलेला गाल तर पूर्णपणे पूर्ववत होतच नाही. डॉक्टर हे पहिल्याच भेटीत सांगून टाकतात.