विश्लेषण : उंच ‘अ‍ॅडव्हेंचर’ बाइक नवख्या चालकाला झेपते का?

लडाखला जाणाऱ्यांची गाडी म्हणून ओळखली जाणारी उंच ‘अ‍ॅडव्हेंचर टुअरिंग’ बाइक आता अनेक जण पहिली किंवा दुसरी दुचाकी म्हणून घेतात. शोरूममध्ये बसल्यावर टाचा जमिनीला लागत नाहीत आणि ‘होईल सवय’ असे सांगितले जाते. सवय होतेही, पण ती होईपर्यंत सिग्नलवर, घाटाच्या वळणावर किंवा पेट्रोल पंपावर दोनशे किलोंची गाडी पायावर कलंडू शकते. ते टाळण्यासाठी काय पाहावे आणि काय शिकावे?

या बाइक इतक्या उंच का?

खड्डे, दगड आणि ओढे ओलांडताना इंजिनाचा तळ घासू नये म्हणून तो जमिनीपासून बराच वर ठेवावा लागतो. धक्के पचवण्यासाठी शॉकअपलाही जास्त खाली-वर होण्याची मुभा द्यावी लागते. रॉयल एनफील्ड हिमालयन ४५० मध्ये ही मुभा पुढे-मागे २०० मिलिमीटर आहे आणि तळाखालची मोकळी जागा २३० मिलिमीटर. या दोन्हींची बेरीज शेवटी सीटच्या उंचीत दिसते. म्हणजे उंची हा दिखावा नाही, ती कामाची आहे. मात्र ज्याचा प्रवास डांबरी रस्त्यावरच होणार, त्याला ती तितकी लागत नाही.

आकड्यांत फरक किती?

बहुतेकांचा हात ज्या गाडीवर बसतो त्या स्प्लेंडर प्लसची सीट ७८५ मिलिमीटरवर आहे आणि वजन ११२ किलो. हिमालयन ४५० ची सीट ८२५ ते ८४५ मिलिमीटर अशी बदलता येते. वजन १९६ किलो. २०२५ मध्ये आलेल्या केटीएम ३९० अ‍ॅडव्हेंचरची सीट ८३० मिलिमीटर, वजन १८३ किलो. सुझुकी व्ही-स्ट्रॉम एसएक्स ८३५ मिलिमीटर आणि १६७ किलो, तर हिरो एक्सपल्स २१० ची सीट ८३० मिलिमीटर आणि वजन १६८ किलो.

यातली खरी गोम वजनात आहे. सीटची उंची जवळपास सारखी असली तरी हलक्या आणि जड गाडीत २५ ते ३० किलोंचे अंतर पडते. क्लासिक ३५० चे वजनही १९५ किलोच आहे. पण तिची सीट ८०५ मिलिमीटरवर असल्याने पाय टेकणे सोपे जाते. वजन आणि उंची एकत्र आली की नवख्याची कसोटी लागते.

परवान्याचा नियम काय सांगतो?

युरोपात नवख्या चालकाला टप्प्याटप्प्याने पुढे जावे लागते. वयाच्या १८ व्या वर्षी मिळणाऱ्या ‘ए-२’ परवान्यावर ३५ किलोवॉट, म्हणजे सुमारे ४७ अश्वशक्तीपर्यंतचीच मोटारसायकल चालवता येते. भारतात गिअरच्या दुचाकीचा एकच परवाना १०० सीसीपासून १२०० सीसीपर्यंत चालतो. कायद्याने पायऱ्या आखलेल्या नाहीत, त्यामुळे त्या चालकाने स्वतःच आखायला हव्यात. निदान वर्षभर हलकी गाडी गर्दीत, पावसात आणि घाटात चालवून मग उंच बाइककडे वळणे शहाणपणाचे.

सीटची उंची एवढेच पाहावे का?

नाही. कागदावरची उंची रिकाम्या गाडीची असते. चालक बसला की शॉकअप दबतो आणि सीट काही सेंटिमीटर खाली येते. शिवाय सीट पुढे टाकीजवळ निमुळती असेल तर पाय सरळ खाली उतरतात. रुंद असेल तर तितक्याच उंचीवरही पाय फाकून चवडेच टेकतात.

घरी एक माप घ्यावे. भिंतीला पाठ लावून अनवाणी उभे राहायचे, दोन्ही पायांच्या मध्ये जाड पुस्तक वरपर्यंत घट्ट धरायचे आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजायचे. दोन माणसांची उंची सारखी असली तरी हे माप वेगळे निघू शकते. गाडीवर बसून पाहताना प्रवासाचेच बूट घालावेत. जाड तळव्यामुळे एक-दोन सेंटिमीटरचा फरक पडतो.

दोन्ही टाचा टेकायलाच हव्यात असे नाही. दोन्ही चवडे भक्कम टेकत असतील, किंवा किंचित सरकून डावा पाय पूर्ण टेकत असेल, तर सरावाने काम भागते.

सीट खाली घेता येते का?

येते. सर्वात निर्धोक उपाय म्हणजे कंपनीचीच कमी उंचीची सीट. हिमालयनसाठी ती ८०५ मिलिमीटरची मिळते. सीटचा फोम कारागिराकडून कापून घेता येतो, पण जास्त कापला तर लांबच्या प्रवासात बैठक दुखते. मागच्या शॉकअपचे दुवे बदलून गाडीच खाली घेतली, तर तळाखालची जागा कमी होते, वळणावर गाडी लवकर घासते आणि जुना साइड स्टँड लांब पडून गाडी पुरेशी कलत नाही. ती उजवीकडे पडू शकते. म्हणून हा उपाय शेवटचा.

तोल नेमका कुठे जातो?

वेगात असलेली बाइक चाकांच्या फिरण्यामुळे आणि हँडलच्या बारीक हालचालींमुळे स्वतःला सावरते. थांबताना हा आधार संपतो. त्यामुळे नवख्यांच्या हातून गाडी पडते ती बहुधा थांबताना, वळवताना किंवा ढकलताना.

हँडल वळलेले असताना पुढचा ब्रेक दाबणे, ही सर्वात नेहमीची चूक. गाडी तत्काळ आतल्या बाजूला कोसळते. थांबण्याआधी हँडल सरळ करावे, शेवटचे काही फूट मागच्या ब्रेकवर यावे आणि डावा पाय खाली टाकावा. पाय जिथे पडणार ती जागा आधी पाहावी. तिथे खड्डा, वाळू किंवा रस्त्याचा उतार असेल तर पायाखालची जमीन अचानक चार बोटे खोल जाते आणि तेवढे पुरते.

सराव कसा करावा?

मोकळ्या मैदानात, गाडी रिकामी ठेवून. पहिला धडा अर्ध्या क्लचचा : रेस स्थिर, क्लच किंचित सुटलेला आणि मागचा ब्रेक हलका दाबलेला ठेवून चालण्याच्या वेगाने सरळ जाणे. दुसरा यू-टर्नचा : नजर पुढच्या चाकावर न ठेवता जिथे जायचे तिथे. तिसरा चढावर थांबून निघण्याचा : उजवा पाय मागच्या ब्रेकवर, डावा जमिनीवर, क्लच पकडू लागला की ब्रेक सोडायचा. ताम्हिणी किंवा वरंध घाटात ट्रकमागे थांबावे लागले की हाच धडा कामी येतो.

चौथा धडा ढकलण्याचा. गाडीच्या डावीकडे उभे राहून ती किंचित आपल्याकडे कलती ठेवावी. उताराकडे तोंड करून कधीही लावू नये. बसून पायाने मागे घेता येत नाही.

सामान आणि सहप्रवासी?

सतरा लिटरची टाकी भरली की साडेबारा किलोंच्या आसपास वजन वर चढते. त्यावर मागच्या उंच पेटीत जड सामान ठेवले तर गाडी डोलू लागते. जड वस्तू बाजूच्या पिशव्यांत, तळाशी आणि दोन्हीकडे सारख्या वजनाने भराव्यात. मागे बसणाऱ्याने चालकाचे दोन्ही पाय टेकून त्याने ‘बसा’ म्हटल्याशिवाय चढू नये.

गाडी पडलीच तर?

ठरावीक कोनापलीकडे कललेली गाडी धरून ठेवण्याच्या नादात पाय अडकतो किंवा पाठ धरते. अशा वेळी ती सोडून बाजूला व्हावे. इंजिन बंद करावे. गाडी उजवीकडे पडली असेल तर आधी साइड स्टँड काढावा आणि शक्य असल्यास गिअर टाकावा. हँडल जमिनीच्या बाजूला पूर्ण वळवून, सीटला पाठ टेकवून, एका हाताने हँडल आणि दुसऱ्याने मागची कडी धरावी. मग पाठीने नव्हे, पायांच्या जोराने मागे रेटत उचलावे. मदत मिळत असेल तर एकट्याने प्रयत्न करू नये.

मग निवड कशी करावी?

करही लक्षात घ्यावा. सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवर १८ टक्के, तर त्यापुढच्यांवर ४० टक्के जीएसटी आहे. म्हणजे २०० ते २५० सीसीची गाडी वजनाने हलकी आणि खिशालाही हलकी. वाचलेले पैसे आयएसआय शिक्क्याचे हेल्मेट, घोट्यावर येणारे बूट, हातमोजे आणि इंजिनाभोवतीच्या लोखंडी गार्डवर खर्च करता येतात.

पैसे भरण्याआधी शोरूमकडून तीन गोष्टी करू द्याव्यात, असा आग्रह धरावा : गाडी एकट्याने ढकलून पार्किंगमधून बाहेर काढणे, एका रस्त्याच्या रुंदीत यू-टर्न घेणे आणि चढावर थांबून पुन्हा निघणे. तिन्ही जमले तर उंची अडसर ठरत नाही. एखादे जमले नाही, तर सध्या हलकी गाडी घ्यावी. लडाखचा रस्ता पुढच्या वर्षीही तिथेच असेल.