चार हजारांतला कायापालट

मध्यमवर्गीयांच्या घरात कोणतीही वस्तू जुनी होत नाही; ती 'अजून चालते'. मंगळवार पेठेतल्या आमच्या घरात वडिलांनी घेतलेला टेबलपंखा अजून चालतो, आईचा वातींचा स्टोव्ह अजून चालतो, आणि २०१२ साली हप्त्यांवर घेतलेला संगणकही २०२५ च्या दिवाळीपर्यंत असाच 'अजून चालत' होता. फक्त त्याच्या चालण्यात आणि बसून राहण्यात फारसा फरक उरला नव्हता. सकाळी बटण दाबावे, अंघोळ करावी, देवपूजा उरकावी, चहा घ्यावा आणि येऊन पाहावे, तो पडद्यावरचे चक्र आपले गरगरतेच आहे!

मी मराठीचा प्राध्यापक आहे. हा शब्द वाचून वाचकांनी माझ्या पगाराविषयी गैरसमज करून घेऊ नये. मी तासिका तत्त्वावर शिकवतो. म्हणजे जितके तास तितके पैसे, आणि सुट्टीत दोन्ही नाहीत. 'बोनस' हा शब्द मला केवळ व्युत्पत्तीपुरता ठाऊक आहे. त्यामुळे हा संगणक म्हणजे आमच्या घरचा दुसरा कमावता माणूस. माझी पत्नी त्याच्यावर प्रबंध, अहवाल, लग्नपत्रिका असे काय काय टंकित करून देते. त्यात थोरली मुलगी त्याच वर्षी पदविकेला संगणक शाखेत गेलेली. तिने लॅपटॉप मागितला नाही. तेच मला जास्त लागले. मागितला असता, तर निदान रागावता तरी आले असते.

ऑक्टोबरात दोन गोष्टी एकदम घडल्या. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सांभाळ थांबवला. आणि त्याच आठवड्यात, धनत्रयोदशीला द्यायचा एक प्रबंध टंकित होत असताना आमचा संगणक एका दुपारी तीनदा गोठला. मी दुकानात चौकशीला गेलो. दुकानदार हसून म्हणाला, "सर, ह्याला आता सोडा की! पस्तीस हजारांत नवा बसवून देतो." माझ्या खिशात पेपर तपासणीचे चार हजार होते. "विचार करून सांगतो," असे म्हणून मी परतलो. चार हजारवाल्याचे दुकानातले ठरलेले वाक्य ते हेच.

घरी मुलीने कॅबिनेटचा पत्रा उघडून ठेवला होता. "बाबा, प्रोसेसर बदलू या. मी करतो."

आमच्या कोल्हापूरच्या मुली 'मी करते' म्हणत नाहीत, 'मी करतो' म्हणतात. व्याकरणाच्या तासाला मी हे कौतुकाने सांगतो. पण त्या 'करतो'मध्ये किती विश्वास असतो, ते मला त्या दिवशी कळले.

प्रोसेसर म्हणजे संगणकाचा मेंदू, असे आपण ऐकतो. मुलीने मला निराळी उपमा दिली. प्रोसेसर म्हणजे आचारी, रॅम म्हणजे त्याचा ओटा आणि डिस्क म्हणजे कोठीची खोली. ओटा वीतभर आणि कोठी तिसऱ्या मजल्यावर असेल, तर आचारी कितीही हुशार आणला तरी पंगत वेळेवर बसायची नाही. म्हणून नुसता आचारी बदलून भागणार नव्हते. आमच्याकडे इंटेलचा पेंटियम जी-६२० होता. दोन गाभे आणि वेग २.६ गिगाहर्ट्झ. मदरबोर्डावरच्या त्याच ११५५ टाचण्यांच्या खोबणीत २०१२ साली आलेला आय-५ ३४७० बसतो. त्याला गाभे चार आणि वेग ३.२ गिगाहर्ट्झ. उष्णतेचा आकडा ६५ वॅटवरून ७७ वर जातो, पण तेवढे जुना पंखा सोसतो. त्याच्या पुढच्या, चौथ्या पिढीचा घ्यावा तर खोबणीच वेगळी. मग मदरबोर्ड बदला, आणि चार हजारांचा हिशेब गुंडाळून ठेवा!

प्रोसेसर जुना घ्यायला मुलीची हरकत नव्हती. त्यात हलणारा भाग नसतो, त्यामुळे तो सहसा झिजत नाही. कचेऱ्या जुने संगणक मोडीत काढतात आणि त्यांतले प्रोसेसर बाजारात येतात. आम्ही दोघे निघालो. जुना प्रोसेसर सोळाशेला, चार जीबीची जुनी रॅम पाचशेला, २४० जीबीची नवी एसएसडी सोळाशेला आणि थर्मल पेस्टची नळी शंभराला मिळाली. एकूण अडतीसशे. येताना खरी कॉर्नरचा कॅमेरा-स्तंभ लागला, तशी मी तिला बाबूराव पेंटरांची गोष्ट सांगितली. परदेशी कॅमेरा परवडेना, म्हणून त्यांनी बंधू आनंदरावांबरोबर स्वतःच तो घडवायला घेतला. १९१६ साली आनंदराव गेले. तरी बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून काम पुरे केले, आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आला. मुलगी म्हणाली, "त्यांना चार हजारांत जमलं नसतं, बाबा." आमच्या घरी इतिहासाचा आदर एवढाच!

रात्री शस्त्रक्रिया सुरू झाली. पत्नीची पहिली अट अशी, की आधी तिच्या सगळ्या फायली पेन-ड्राइव्हवर उतरवायच्या, मग काय ते करायचे. त्या उतरवल्या. मग वायर काढली, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवली, पंखा उतरवला आणि वाळून खडखडीत झालेली पेस्ट पुसली. कडेची कळ उचलताच जुना प्रोसेसर निघाला आणि खाली त्या टाचण्या दिसल्या. केसासारख्या बारीक! एक जरी वाकली, तरी मदरबोर्ड गमावण्याची भीती; म्हणजे प्रबंध गेला, मुलीचा अभ्यास गेला आणि घरची निम्मी मिळकत गेली. माझे हात थरथरू लागले. मी बाजूला झालो. मुलीने कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण पाहिला, कडेच्या खाचा जुळवल्या आणि जरासुद्धा जोर न लावता प्रोसेसर अलगद ठेवला. वर मुगाएवढी पेस्ट, मग पंखा. बटण दाबले.

पंखा फिरला. पडदा काळाच राहिला.

पाच मिनिटे कोणी बोलले नाही. पत्नी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती रागावली नाही; आत गेली आणि प्रबंधाची किती पाने उरली आहेत, ती मोजू लागली. त्या पाने उलटण्याच्या आवाजाने मला फार अपराधी वाटले. मुलीचे डोळे भरले होते. "पिन वाकली असेल का हो, बाबा?"

मला यंत्रातले काही कळत नाही. मुलांना मी एकच गोष्ट शिकवतो: अर्थ लागला नाही, तर मूळ पाठ पुन्हा वाचा. तेच तिला सांगितले. तिने मदरबोर्डाची माहिती मोबाइलवर काढून ओळन्‌ओळ वाचली. आमचा बोर्ड या प्रोसेसरला ओळखतो, पण त्याच्या बायोसची आवृत्ती नवी हवी. आमची २०११ ची होती. पाहुणा दारात उभा होता आणि घरातल्या कोणाला त्याचे नाव ठाऊक नव्हते!

उपाय एकच होता. जुना प्रोसेसर परत बसवायचा. बसवला, आणि पडदा उजळला. टाचण्या शाबूत होत्या! आता बायोस बदलायचे. पण ते बदलत असताना वीज गेली, तर बोर्ड कायमचा मुका होण्याचा धोका. आमच्या यूपीएसची बॅटरी केव्हाच मेलेली. मी रात्री दहा वाजता शेजारच्या अण्णांचे दार ठोठावले. त्यांनी कारणही न विचारता आपल्या इन्व्हर्टरवरून गॅलरीतून वायर टाकून दिली. नवी आवृत्ती पेन-ड्राइव्हवरून चढत असताना आई माळ घेऊन बसली होती. ते काम निर्विघ्न पार पडले. मग पुन्हा नवा प्रोसेसर, पुन्हा मुगाएवढी पेस्ट. आणि या वेळी पडद्यावर त्याचे नाव उमटले.

विंडोज ११ मात्र आमच्या नशिबी नव्हते. इंटेलच्या बाबतीत त्याची अधिकृत यादी २०१७ साली आलेल्या आठव्या पिढीपासून सुरू होते. मुलीने नव्या डिस्कवर मोफत मिळणारे लिनक्स घातले. त्यात युनिकोड मराठी उत्तम लिहिता येते. पत्नीचे जुने फॉन्ट विंडोजवरच चालतात, म्हणून ती जुनी डिस्कही ठेवली. फक्त त्या डिस्कवर काम करताना इंटरनेट जोडायचे नाही, असा नियम केला. आता लिनक्स चालू करायचे तर बटण दाबून कपात चहा ओतेपर्यंत संगणक तयार असतो. प्रबंध धनत्रयोदशीला दुपारी गेला.

दिवाळीनंतर अण्णांनी आपला जुना संगणक मुलीपुढे आणून ठेवला. तिने काम केले आणि पैसे घ्यायला नकार दिला. इन्व्हर्टरची परतफेड कशी करायची, हे तिला सांगावे लागले नाही.

राहता राहिला तो जुना पेंटियम. त्याचे काय करायचे, असे मी विचारले. आईने तो कागदात गुंडाळला आणि खिळे-मोळ्यांच्या डब्यात ठेवून दिला.

"असू दे की," ती म्हणाली, "अजून चालतो."